घासलेले सम्राट

रोमच्या सम्राटांचे चेहरे वेगवेगळे असतील, माना मात्र सगळ्यांच्या एकसारख्या, जाड. गेल्या वर्षीचा आख्खा उन्हाळा मी त्या माना बघण्यात घालवला. रियाधच्या जुन्या वस्तीतला एक बंगला, पडदे ओढलेली खोली, टेबलावर दिवा, हातात पांढरे सुती हातमोजे आणि समोर ब्राँझचं एक नाणं. एका बाजूला सम्राट, डोक्यावर पानांचा मुगुट. उलटं केलं की मागे त्याने प्रजेला दिलेलं वचन: शांतता, सुबत्ता, सैन्याचा पराक्रम, असं काहीतरी. वजन करायचं, व्यास मोजायचा, दोन्ही बाजूंचं वर्णन इंग्रजीत लिहायचं आणि पुढचं नाणं घ्यायचं. पाठ धरायची, डोळे चुरचुरायचे. तरी मी रोज सकाळी वेळेआधी गाडी काढायचे, कारण कितीतरी वर्षांनी मला कुठेतरी वेळेवर पोचायचं होतं.

मी मूळची इतिहासाची. पुण्यातल्या एका कॉलेजात प्राचीन भारत शिकवायचे. एम.ए.ला नाण्यांचा पेपर घेतला होता, तेव्हापासून नाण्यांचं वेड. मग नवऱ्याला रियाधला नोकरी लागली, मी राजीनामा दिला आणि आले. इथे आल्यावर इकामा हातात पडला. इकामा म्हणजे इथे राहायचं ओळखपत्र. त्यावर फोटो माझा, नाव माझं आणि खाली अरबीत एक ओळ, काम करण्याची परवानगी नाही. नवऱ्याच्या इकाम्यावर आलेल्या सगळ्याच बायकांच्या कार्डावर ती असायची. दर वेळी इकामा नवा व्हायचा, फोटोतली मी जुनी होत जायचे, ओळ तीच राहायची. मी मुलगी वाढवली, शेजारच्या मुलांना इतिहास-भूगोल शिकवला, गणपतीत मोदक केले, दुसऱ्यांच्या निरोपसमारंभांना जाऊन आले. मुलगी शिकायला बंगळुरूला गेली आणि घरात एसीचा आवाज तेवढा राहिला.

नवरा ओलाया भागातल्या एका सल्लागार कंपनीत आहे. त्यांच्या एका मोठ्या ग्राहक कंपनीची प्रमुख सौदी बाई. तिचे वडील इंजिनियर होते, जन्मभर फिरले, आणि जिथे गेले तिथून रीतसर लिलावात रोमन नाणी घेऊन आले. ते गेल्यावर मुलीने ठरवलं की अल खर्जला त्यांचं शेत आहे, तिथल्या जुन्या घरात एक खोली करायची आणि वडिलांची नाणी लोकांना बघायला मांडायची. वर्णनं लिहायला माणूस हवा होता. मीटिंगमध्ये बोलता बोलता नवऱ्याच्या तोंडून निघालं, माझी बायको नाण्यांतली आहे. याचा मला आनंद व्हायला हवा होता. मला आधी आश्चर्य वाटलं, याच्या अजून लक्षात आहे!

त्या सौदी मुलीने स्पष्ट सांगितलं होतं. वर्णनं पसंत पडली की त्या संग्रहालयाचं काम कायमचं माझ्याकडे, आणि परवानाही माझ्या नावावर. आता इथले नियम बरेच सैल झालेत. म्हणजे माझ्या कार्डावरची ती ओळ जाणार होती. मी हे घरात फारसं बोलून दाखवलं नाही, पण रात्री अंथरुणावर पडलं की मला तेवढंच सुचायचं.

नाणी मुलीच्या आईच्या घरी होती. आई म्हणजे त्या इंजिनियरची बायको, मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. सगळे त्यांना खाला म्हणायचे, मावशी. मीही खालाच म्हणायचे. इंग्रजी उत्तम, आवाज शाळेतला, चूक खपवून घेणार नाहीत असा. मला त्या उस्ताजा म्हणायच्या. उस्ताजा म्हणजे शिकवणारी बाई. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं, दुसरं कोणी आलंय का म्हणून.

ही नाणी म्हणजे त्या काळची जाहिरातच. नवा सम्राट गादीवर बसला हे लांबच्या खेड्यातल्या माणसाला कळायचं ते हातात पडलेल्या नाण्यावरून. म्हणून गादी मिळाली की पहिलं काम, टांकसाळीत आपला चेहरा धाडायचा. काहींना तर चेहरा पाडून घेण्याइतकाच वेळ मिळाला, मग त्यांच्याच शिपायांनी त्यांना मारलं. मागच्या बाजूला बहुतेक वेळा एक बाई उभी. हातात डहाळी असली तर ती शांतता, फळांनी भरलेलं शिंग असलं तर सुबत्ता, तराजू असला तर न्याय. बाई तीच, हातातलं सामान बदलायचं. मी खालांना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "घरोघरी तेच आहे, उस्ताजा."

एका लहान नाण्यावर लिहिलं होतं, सुखाचे दिवस परतले. चित्र काय, तर घोड्यावरून खाली आलेल्या माणसाला एक शिपाई भाला खुपसतोय. हे नाणं त्यांनी ढिगाने पाडलं, आणि पाडलं त्या काळात दिवस काही सुखाचे नव्हते. मला त्या वाक्याचा कंटाळा ओळखीचा वाटला. आमच्या घरीही आल्यापासून चाललंय, अजून दोन वर्षं, मग परत जाऊ. प्रत्येक वेळी सांगणाऱ्याचा चेहरा तेवढा आणखी थकलेला असतो.

माझा सगळ्यांत जीव होता तो एका मोठ्या, जड नाण्यावर. पुढे तो सम्राट, ज्याने अरबस्तानचा उत्तरेकडचा भाग आपल्या राज्याला जोडून घेतला. मागे खुद्द अरबस्तान, बाईच्या रूपात. लांब झगा, एका हातात डहाळी, आणि पायाशी एवढासा उंट. इंजिनियरसाहेबांचं हे सर्वांत लाडकं नाणं. खाला म्हणायच्या, "आमचा देश घेतला, आम्हाला बाई करून उभं केलं, ते एक वेळ जाऊ दे. उंट तरी नीट काढायचा!"

ते नाणं फार झिजलेलं होतं. चित्र दिसायचं ते वर चढलेल्या पुटामुळे. ब्राँझ शेकडो वर्षं मातीत राहिलं की त्यावर काळसर हिरवं पुट चढतं, खाचांमध्ये वाळूचा फिका रंग धरतो, आणि त्या दोन रंगांमुळे आकृती उठून दिसते. पुट गेलं की आकृतीही गेली. म्हणून जाणकार माणूस जुन्या नाण्याला पाणीसुद्धा लावत नाही. खालांच्या नवऱ्याने तर घरात कोणालाच नाण्यांना हात लावू दिला नव्हता. खाला नाणी बघायच्या त्या ते दाखवतील तेव्हा, त्यांच्या हातात.

भाद्रपद संपत आला होता तेव्हा सासूबाई व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आल्या. सासवडजवळच्या गावी धाकट्या दिरांनी घर पाडून नवं बांधायला काढलं होतं, तिथे धूळ आणि गडबड, म्हणून काही महिने थोरल्याकडे. वय सत्तरीच्या पुढे, एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं, आणि हात क्षणभर स्वस्थ नाहीत. दिसेल ते घासायचं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा नॉनस्टिक तवा घासून त्याचं काळं सगळं काढून टाकलं आणि अभिमानाने मला दाखवला. "आत चांगलं पांढरं आहे गं, तू कधी बघितलंच नाहीस." मी हसले. तेव्हा हसण्यासारखंच होतं.

इथे देव उघड्यावर मांडायची आमची सवय नाही. आता पूर्वीइतकी धास्ती राहिलेली नाही, तरी सवय सवयच. बेडरूममधल्या कपाटाचा वरचा कप्पा हे आमचं देवघर: बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती. कुलूप लागणारं कपाट घरात तेवढं एकच. सासूबाई आल्यापासून रोजची पूजा त्यांच्याकडे होती, त्यामुळे किल्लीही त्यांच्याकडे.

त्याच सुमारास खाला उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला निघाल्या, तिथून जेद्दाला बहिणीकडे जाणार होत्या. खालांच्या मुलीला वर्णनं लवकर हवी होती, आणि शेवटचा एक ट्रे राहिला होता, मोठ्या नाण्यांचा, कोपऱ्यात थोडी बारीक. अरबस्तान त्यातच. मी म्हटलं, तुम्ही आल्यावर करू. खालांनी ऐकलं नाही. ट्रे स्वतः कापडात गुंडाळून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "घरी ने. तुझ्याकडे असला काय, माझ्याकडे असला काय." मी घरी आणून तो कुलपाच्या कपाटात ठेवला, देवांच्या खालच्या फळीवर. घरात त्याहून सुरक्षित जागा नव्हती.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी नारळ, फुलं आणि पूजेचं बाकीचं सामान आणायला बथाच्या बाजारात गेले. तिथल्या भारतीय दुकानांत त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते, परत यायला दुपार झाली. दार उघडलं तर चिंचेचा वास. मला वाटलं आमटी केलीय.

स्वयंपाकघरात ओट्यावर जुना टॉवेल पसरलेला होता. शेजारी ताटलीत चिंचेचा कोळ आणि मीठ, आणि गावाहून आणलेली नारळाची शेंडी. टॉवेलवर अन्नपूर्णा, बाळकृष्ण, गणपती लखलखीत, आणि त्यांच्या पुढे एका ओळीत मोठी मोठी पिवळी चकचकीत नाणी. ब्राँझ ब्राँझ म्हणतो आपण, पण त्या मोठ्या नाण्यांत जस्त असायचं, म्हणजे आपलं पितळच. पितळ घासल्यावर जसं दिसतं तशीच ती दिसत होती.

"आलीस? बघ कसे निघाले!" सासूबाई म्हणाल्या. "काळेठिक्कर पडले होते गं देव. तीनदा चिंच लावली तेव्हा कुठे धातू दिसला."

माझ्या हातातली पिशवी खाली ठेवायचंही मला सुचलं नाही. मी विचारलं, "आई, हे कुठून काढलंत?"

"कुठून म्हणजे? देवाखालच्या फळीवरून. एवढे जाडजूड टाक करून घेतलेस, मखमलीत ठेवलेस, आणि घासायला वेळ नाही होय तुला?"

टाक म्हणजे धातूच्या पत्र्यावर ठोकून काढलेली देवाची मूर्ती. आमच्याकडे कुळाचे देव असे टाकावर असतात, घोड्यावरचा खंडोबा, भवानी, आणि त्यांच्याबरोबर घरातले गेलेले पूर्वज. नवरात्राच्या आधी सगळे टाक खाली काढून चिंचेने घासायचे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत. सासूबाईंनी जन्मभर दुसरं काय केलं होतं?

त्यांनी एक नाणं उचलून डोळ्याजवळ नेलं. त्यावर घोडा उधळलेला सम्राट होता आणि घोड्याच्या पायाखाली कोणी शत्रू. "हा खंडोबा. खाली मणी दैत्य, बघ. हे मी लगेच ओळखलं." मग अरबस्तान उचललं. "ही देवी. पायाशी काय होतं ते मेलं नीट दिसेना, कुत्रं असेल. खंडोबाचं कुत्रं देवीपाशी कसं आलं कोण जाणे." मग सम्राटांच्या चेहऱ्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आणि हे तुझ्या माहेरचे पूर्वज असतील. आमच्यात एवढ्या जाड मानेचं कोणी झालं नाही."

मी अरबस्तान त्यांच्या हातातून घेतलं. बाई गेली होती. डहाळी गेली होती, उंट गेला होता. पिवळ्या गुळगुळीत चकतीवर मधोमध एक उभा उंचवटा राहिला होता, बोट फिरवलं तर जाणवेल इतकाच. सम्राटाचा चेहरा पुसून गेला होता, मान तेवढी दिसत होती. ट्रेच्या कोपऱ्यात काही बारीक नाणी तशीच काळी होती.

"ती नाही घासली," सासूबाई म्हणाल्या. "ते पैसे आहेत. पैसे कोण घासतं?"

तेव्हा मी ओरडले. सासूबाईंवर मी आयुष्यात ओरडले नव्हते. "आई, ते देव नाहीत! ते माझं काम होतं. दुसऱ्याची वस्तू आहे, दोन हजार वर्षांची. तुम्ही माझं काम घासून टाकलंत."

त्यांचा हात चिंचेच्या ताटलीत तसाच राहिला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "घरचे टाक आम्ही तुला दिले नाहीत ना. थोरली तू, मान तुझा. पण परदेशात देवांचे हाल होतील म्हणून मीच धाकटीकडे ठेवले. मला वाटलं, तू ते मनाला लावून घेतलंस आणि इथे गुपचूप स्वतःचे पाडून घेतलेस. म्हटलं, द्यायला तर चुकले. निदान घासून तरी द्यावे."

राग जात नव्हता आणि ठेवायला जागाही नव्हती. मी आत जाऊन पलंगावर आडवी झाले. पूजेची फुलं पिशवीतच राहिली.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. त्याने आधी खोलीचं दार लावलं, मग आवाज खाली आणला. त्याला काय वाटलं ते मला कळत होतं. ती मुलगी त्याच्या कंपनीची ग्राहक, तिच्या एका फोनवर याचं प्रोजेक्ट हलणार. "असं कर," तो म्हणाला, "नाणी आलीच होती तशी म्हणून सांग. नाहीतर हवेने झालं म्हण. इथली हवा कोरडी असते."

"कोरड्या हवेत पितळ चमकतं?"

"मग परत काळी करता येतात. मी आत्ता बघितलं मोबाईलवर. गंधकाचं काहीतरी लावतात, तासाभरात जुनं दिसतं."

"काळी करता येतील. बाई कुठून आणू?"

तो डोळ्यांवरून हात फिरवत राहिला. दिवसभर लोकांना स्लाइड दाखवून आलेला माणूस, त्याच्याशी भांडायलाही माझ्यात जोर नव्हता. तो शेवटी एवढंच म्हणाला, "तुला योग्य वाटेल ते कर." लग्नानंतरची कितीतरी वर्षं हेच वाक्य मी ऐकत आले होते, आणि ते ऐकलं की मला नेहमी एकटं वाटतं.

दार लावलेलं असूनही सासूबाईंनी सगळं ऐकलं असावं. त्या रात्री जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी घट बसवला, माळ घातली, आरतीही म्हटली, पण माझ्याशी एक अक्षर नाही. खाला परतल्याचा मेसेज आला त्या सकाळी बघते तर सासूबाई इस्त्रीची साडी नेसून, वर मी दिलेला अबाया चढवून, पर्स मांडीवर घेऊन सोफ्यावर तयार बसलेल्या.

"मी केलं, मी सांगते," त्या म्हणाल्या. "तू नुसती बरोबर बोल. माझी भाषा त्यांना येत नाही म्हणून."

खालांकडे बसल्यावर कॉफी आली, मक्केहून आणलेला खजूर आला. सासूबाई सोफ्याच्या अगदी कडेला बसल्या होत्या, पाठ न टेकता. मी ट्रे टेबलावर ठेवला आणि कापड काढलं. खाला बघत राहिल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सांग त्यांना," सासूबाई मला म्हणाल्या, "मला ते देव वाटले. नवरात्र आलं होतं. मी वाईट मनाने नाही केलं. त्यांच्या मालकांची आठवण होती ती, मला माहीत असतं तर मी हात लावला नसता. काय भरून द्यायचं असेल ते सांगा म्हणावं."

मी अडखळले. मुसलमान बाईच्या दिवाणखान्यात, ती नुकती मक्केहून आलेली असताना, तुमच्या नवऱ्याच्या नाण्यांना आम्ही देव समजलो, हे कसं सांगायचं? भांडी वाटली असं म्हणून सुटता आलं असतं. पण सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. भाषा कळत नसली तरी मी गाळलं असतं तर त्यांना कळलं असतं. मी जसंच्या तसं सांगितलं.

खाला पुटपुटल्या, "अस्तगफिरुल्लाह," अल्ला क्षमा कर. मग एक नाणं उचललं, हातमोज्याशिवाय, सम्राटाचा चेहरा होता ते. "हा? हा देव वाटला?"

मी विचारलं. सासूबाई गंभीरपणे म्हणाल्या, "नाही नाही. ते पूर्वज. देव तो घोड्यावरचा."

मी भाषांतर केलं आणि खालांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या, तोंडावर ओढणी धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "या सम्राटाला हेच हवं होतं, लोकांनी देव मानावं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर एवढी नाणी पाडली. आणि त्याचं खरं मानायला कोण भेटली, तर तुझी सासू!"

सासूबाईंना का हसताहेत ते कळलं नाही, पण हसताहेत म्हटल्यावर त्यांनी पहिल्यांदा पाठ टेकली.

मग खालांनी अरबस्तान शोधलं. दोन नाणी उलटीपालटी केली, तिसरं केलं. मला बघवत नव्हतं. मी त्यांच्या हातात ते दिलं. त्यांनी अंगठा फिरवला, एकदा, परत एकदा, आणि अंगठा त्या उंचवट्यावर थांबला.

"कुठे आहे ती?"

"एवढीच राहिलीय, खाला."

त्यांचं हसणं थांबलं होतं. "इतकी वर्षं मी हिला हात लावला नव्हता," त्या म्हणाल्या, आणि नाणं तळव्यात मिटून घेतलं. पुढचं त्या मुख्याध्यापिकेच्या आवाजात बोलल्या. मुलीला सांगावं लागेल. मी म्हटलं, हो. ती हे काम आता लंडनच्या कुठल्यातरी तज्ज्ञांना देईल, तिला तसं करावंच लागेल. मी म्हटलं, हो. "ती चुकीचं करणार नाहीये, उस्ताजा." नाही, मी म्हटलं. मी लिहिलेली वर्णनं पेनड्राइव्हवर होती, ती त्यांच्याकडे दिली आणि उठले. त्या फाटकापर्यंत आल्या, सासूबाईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि खजुराचा डबा दिला. मला त्यांनी उराशी धरलं. "खलास," म्हणजे झालं आता, असं काहीतरी म्हणाल्या, मुलांना समजावताना म्हणतात तसं.

परत येताना रस्त्यावर गर्दी होती. गाडीतला एसी उन्हापुढे हरला होता. सासूबाई शेजारी बसल्या होत्या, मांडीवर खजुराचा डबा. सिग्नलला थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं, "काम गेलं का तुझं?"

"गेलं."

"माझ्यामुळे."

मी नाही म्हणायला हवं होतं. मोठ्या माणसांना अशा वेळी नाहीच म्हणतात. पण मी इतकी दमले होते की तेवढं खोटंही निघेना.

"पुण्यातली नोकरी तू सोडलीस ना," त्या काचेबाहेर बघत म्हणाल्या, "तेव्हा हा म्हणत होता, तिला इथेच राहू दे. तिची नोकरी चांगली आहे, तिला आवडते, मी एकटा राहीन, दर सुट्टीला येईन. तू माहेरी गेली होतीस. मी आणि तुझे सासरे, आम्ही ऐकलं नाही. मी त्याला म्हटलं, संसार असा दोन ठिकाणी होत नाही, तू तिच्यापुढे हा विषयच काढायचा नाहीस. शपथ घातली त्याला माझी." "तेव्हाही मला वाटलं होतं, मी तुझं चांगलंच करतेय."

सिग्नल सुटला. मागचा हॉर्न वाजवायला लागला, मग त्याच्या मागचा. मी गाडी पुढे काढली. इतकी वर्षं मी एका माणसावर राग धरून होते, की त्याने एकदाही तुला काय हवंय असं विचारलं नाही. आणि त्याने न विचारताच ओळखलं होतं, माझ्यासाठी भांडला होता, हरला होता, आणि आईची शपथ पाळत गप्प राहिला होता. तुला योग्य वाटेल ते कर, एवढंच काय ते त्याला बोलता येत होतं.

फोन वाजत होता. त्याचाच होता, काय झालं विचारायला. सासूबाई म्हणाल्या, "घे ना." मी गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं, फोन कानाला लावला, आणि तो हॅलो, हॅलो म्हणत असताना मला त्याचं नाव तेवढं घेता आलं.